दोन शिरसाट

परळच्या ओपीडीत डॉक्टर कोठावदे
माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर
बॉलपेननं गोल काढते.
ही प्रोस्टेट. हा गाठीचा भाग.
आणि हे ठिपके, काका, हे सांगावे.
(बागलाणातली आहे, तिकडचा शब्द.)
पेशी पेशीला धाडते ते रेणू.
सायटोकाइन म्हणतात त्यांना.
सूज आणतात, पांढऱ्या पेशींना हाका मारतात,
या, इथं काहीतरी बिघडलंय.

मग चांगलेच की, मी म्हणतो.

चांगलेच.
पण गाठही वाचते ते.
वाचते आणि वाढते,
रक्ताच्या नव्या वाटा मागवून घेते.
आपण हार्मोनची रसद तोडली ना तुमची,
तरी त्यांच्यावर तग धरते.
सुरुवातीला लगाम घालणारा एखादा
पुढे तिच्याच घरी पाणी भरतो.

कुठला चांगला, कुठला वाईट, तेवढं सांगा.

रेणू तोच असतो, काका.

अडतीस वर्षं मी तारा वाटल्या.
फाउंटनचं ऑफिस, खाकी कपडे, सायकल,
पँटच्या पायाला क्लिप.
मला बघितलं की बायका पदर तोंडाला लावायच्या
पाकीट फोडायच्या आधीच.
मुलगा झाल्याची तार असली तर पेढा, आठ आणे.
मजकूर मी वाचायचो नाही.
म्हणजे, वाचायचो.

एक्याऐंशी साल. काळाचौकी.
एका चाळीत दोन अनंत शिरसाट,
एक पहिल्या माळ्यावर, एक तिसऱ्या.
मदर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली.
पाकिटावर माळा नव्हता.
दुपारची वेळ. मी दोन जिने वाचवले.

पहिल्या माळ्यावरच्यानं सही केली.
त्याची आई चार वर्षांपूर्वीच गेलेली,
मला कुठून ठाऊक, आणि तो बोलला नाही.
गोदीत साहेबाला तार दाखवली,
पंधरा दिवसांची रजा, वर तीनशे रुपये उचल.
गावाला गेलाच नाही.
खोलीत पोटमाळा बांधून घेतला.
पुढल्या खेपेला मलाच दाखवला, वर चढवून,
सागवानी फळ्या, छोटी खिडकी,
चहा पाजला.

तिसऱ्या माळ्यावरचा
तेराव्याला पोचला.

तार खोटी नव्हती.
पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, शिक्का, वेळ, सगळं बरोबर.
त्याच आठवड्यात आग्रीपाड्यात
सिस्टर सीरियस, पुढचे दोन शब्द हेच,
भाऊ रात्रीच सोलापूरला निघाला,
आपलं रक्त दिलं, बहीण उठून बसली.
दिवाळीला त्यानं मला चकल्या दिल्या,
मी त्या खाल्ल्या पण.

बाहेर बाकावर इस्माईल परकार,
माझ्याच आजाराचे, डोंगरीचे,
विचारतात, काय म्हणाली?
मी सांगतो, जमेल तसं.
ते म्हणतात, मग टपालच बंद करून टाका म्हणावं, सगळंच.
विचारलं मी.
बंद केलं तर मदतीला येणारेही येणार नाहीत, म्हणाली.
कुठलं पत्र, कुठल्या दारी, कुठल्या वेळेला,
एवढंच शोधतायत अजून.
परकार पिशवीतला डबा उघडतात,
एक खजूर माझ्यापुढे करतात.
पीएसए किती तुमचा?
चौदाचा सहा झाला होता. परत नऊ.
हं, म्हणतात.

दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन.
सिस्टर खोका आणते, रजिस्टर पुढे सरकवते.
इथं सही.
मी चष्मा काढून पुसतो, परत घालतो,
खोक्यावरचं नाव वाचतो.
यशवंत भिकाजी नाचणेकर.
वय, केस नंबर, पत्ता.
पुन्हा पहिल्यापासून वाचतो.

काका, मागे लाइन आहे.

दुसरा कोणी नाचणेकर आहे का हो आज, विचारतो.
ती हसते. नाही म्हणते.
यादी बघून सांगा, मी म्हणतो,
आणि पेन हातात धरून उभा राहतो.